घरचा संगणक आणि जुना सर्व्हर

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पालक मेळाव्यात शिक्षकाने उभे राहावयाचे ते शिस्त, अभ्यास आणि मोबाईलचे दुष्परिणाम ह्यांवर बोलण्यासाठी, असा आपल्याकडे रिवाज आहे. त्या विषयांवर बोलणारे वक्ते आज व्यासपीठावर पुष्कळ आहेत. मी एका लहानशा अडचणीविषयी बोलणार आहे. ती लहान असली तरी आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात, दुकानात आणि कारखान्यात ठाण मांडून बसली आहे. नवा संगणक घरी येतो, पेढे वाटले जातात, आणि दुसऱ्याच दिवशी तक्रार येते, "सर, सगळे चालते, पण जुना सर्व्हर काही उघडत नाही."

ही तक्रार दोन ठिकाणांहून येते. एक शाळेतून. जुने निकाल, प्रश्नसंच, दाखल्यांच्या नोंदी शाळेच्या एका जुन्या यंत्रात असतात आणि शिक्षक किंवा विद्यार्थी आपला घरचा संगणक घेऊन तेथे जोडू पाहतात. दुसरी भोसरी, तळवडे, चाकण ह्या भागांतल्या लहान कारखान्यांतून. आपल्या समाजातील अनेक पालक मोठ्या मोटार कंपन्यांना लागणारे सुटे भाग बनवतात. त्यांच्या शेडमध्ये कोपऱ्यात धूळ खात एक यंत्र अहोरात्र चालू असते. त्यात ड्रॉइंगे असतात, सीएनसी मशीनचे प्रोग्राम असतात, टॅलीचा हिशेब असतो. मुलगा नवा लॅपटॉप आणतो आणि त्या यंत्राशी त्याचे जमत नाही. मग कोणीतरी कारागीर येतो, पाच मिनिटे काहीतरी करतो, पाचशे रुपये घेतो आणि जातो. त्याने काय केले हे कोणी विचारत नाही. मला आज बोलावेसे वाटले ते ह्या पाच मिनिटांमुळे.

मी बी.ए., बी.एड. झालेला मनुष्य, अभियांत्रिकीची पदवी माझ्याजवळ नाही. पण ही विद्या पदवीवाचून येते. तिला क्रम लागतो, एवढेच. आपल्या सभांतून अल-ख्वारिज्मीचे नाव नेहमी घेतले जाते. नवव्या शतकात बगदादमध्ये होऊन गेलेल्या ह्या गणितज्ञाच्या नावावरून 'अल्गोरिदम' हा शब्द आला, हे खरेच आहे. परंतु नाव घेऊन आपण टाळ्या वाजवतो आणि त्या शब्दाचा अर्थ, म्हणजे एकामागून एक ठरलेल्या पायऱ्या, हा मात्र विसरतो. संगणक बिघडला की आपण आधी तो बंद करून चालू करतो, मग तार हलवतो, मग मुलाला रागावतो. ह्यात पायऱ्या कोठे आल्या?

सर्व्हर म्हणजे सामायिक कपाट, असे समजा. कपाट दुसऱ्या खोलीत आहे. तेथपर्यंत जावयाचे तर वाट मोकळी हवी, खोलीचा क्रमांक ठाऊक हवा, दार उघडे हवे, राखणदाराने तुम्हांस ओळखले पाहिजे, आणि शेवटी तुमची व त्याची भाषा एक पाहिजे. ह्याच क्रमाने तपासावे.

वाटेविषयी फार बोलत नाही. तार खोचतो तेथील बारीक दिवा लागतो की नाही ते पाहावे. दिवा नसेल तर दुसरी तार लावून पाहावी. उंदराने कुरतडलेली तार बाहेरून शाबूत दिसते, आणि पावसाळ्यात गंजलेली पिनही सहज दिसत नाही.

क्रमांकाची गोष्ट मात्र आपल्या भागापुरती खास आहे. प्रत्येक यंत्राला जाळ्यात एक आकडा मिळतो, १९२.१६८.१.१० अशा धर्तीचा. तो बहुधा राउटर वाटतो. काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये, 'आयपीकॉन्फिग' हा शब्द इंग्रजीत लिहिला की आपल्या यंत्राचा आकडा दिसतो. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर समजावे की राउटरने आकडा दिलेलाच नाही; यंत्राने आपल्या मनाने एक घेतला आहे. मग सर्व्हरला दोष देण्यात अर्थ नाही. बिघाड तुमच्या आणि राउटरच्या मध्ये आहे.

आता आपल्या भागाची गोष्ट. भोसरी-चाकण पट्ट्यात गुरुवार हा बऱ्याच कारखान्यांचा सुटीचा वार, आणि वीज मंडळाची दुरुस्तीची कामेही बहुधा त्याच दिवशी निघतात. वीज जाते, राउटर बंद पडतो, पुन्हा सुरू होतो आणि आकडे नव्याने वाटतो. बुधवारी ज्या सर्व्हरचा आकडा १० होता त्याचा शुक्रवारी १४ होतो. लॅपटॉपमध्ये रस्ता जुन्या आकड्याचा लिहिलेला, मग सर्व्हर सापडणार कसा? "बुधवारी चालत होते, शुक्रवारी चालेना" अशी तक्रार आली की प्रथम हेच तपासावे. उपाय कायमचा आणि फुकटचा आहे: राउटरमध्ये सर्व्हरचा आकडा त्याच्या नावे राखून ठेवावा.

नाव आणि आकडा ह्यांतही फरक करावा. सर्व्हरचे नाव लिहून उघडत नाही, पण दोन उलट्या तिरप्या रेघा देऊन आकडा लिहिला की उघडतो, असे झाले तर सर्व्हर ठीक आहे. नावावरून आकडा शोधण्याची सोय बिघडली आहे. आणि 'नेटवर्क' ह्या चित्रावर टिचकी मारल्यावर तेथे काहीच दिसत नाही म्हणून सर्व्हर मेला, असा निष्कर्ष काढू नये. ती यादी पूर्वी ज्या पद्धतीने तयार होत असे ती पद्धतच नव्या विंडोजमधून काढून टाकलेली आहे. दुकानाची पाटी पडली म्हणून दुकान बंद झाले असे होत नाही.

दार उघडे आहे का हे पाहण्यास लोक 'पिंग' करतात. पिंगला उत्तर आले तर छानच. उत्तर आले नाही तरी निराश होऊ नये, कारण काही सर्व्हर पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत. फाइलींचे दार ४४५ क्रमांकाचे असते. पॉवरशेलमध्ये 'टेस्ट-नेटकनेक्शन' ही आज्ञा सर्व्हरचा आकडा आणि ४४५ हा पोर्ट देऊन चालवली की ते दार उघडे की बंद एवढे एका शब्दात कळते. हा आकडा लक्षात ठेवा. तो पुढे पुन्हा येणार आहे.

त्यानंतर राखणदार. माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक तक्रारी येथेच मिटतात. आजचा घरचा संगणक आपण चार आकडी पिनने उघडतो. तो पिन फक्त त्या एका यंत्रापुरता असतो. सर्व्हरला त्याचे काही देणेघेणे नाही. सर्व्हर जेव्हा नाव व पासवर्ड विचारतो तेव्हा त्याला सर्व्हरवरचे खाते हवे असते. म्हणून नावाच्या रकान्यात आधी सर्व्हरचे नाव, मग उलटी तिरपी रेघ, मग खात्याचे नाव लिहावे. असे लिहिले नाही तर संगणक तुमचे स्वतःचे ई-मेलचे नाव पुढे करतो आणि राखणदार म्हणतो, मी ह्यांना ओळखत नाही.

दुसरे, जुना पासवर्ड. शाळेने उन्हाळ्यात पासवर्ड बदललेला असतो, पण घरच्या संगणकाने जुना आपल्याजवळ जपून ठेवलेला असतो आणि तोच तो पुन्हा पुन्हा पाठवतो. तीनचार वेळा झाले की काही ठिकाणी खातेच कुलूपबंद होते. कंट्रोल पॅनेलमधील क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जाऊन ती जुनी नोंद पुसावी. तिसरे, ज्या खात्याला पासवर्डच नाही त्यास विंडोज जाळ्यावरून आत घेत नाही. पुष्कळ कारखान्यांत "आपल्याच माणसांना पासवर्ड कशाला" म्हणून तो ठेवलेला नसतो आणि पाहुणा ह्या नात्याने सर्वांना प्रवेश असतो. विंडोज ११ च्या २०२४ च्या आवृत्तीत प्रो प्रकारच्या संगणकांवर असा पाहुण्याचा प्रवेश मुळातच बंद केलेला आहे. तेव्हा नवा लॅपटॉप नकार देतो तो बिघाडामुळे नव्हे. सर्व्हरवर रीतसर खाते आणि पासवर्ड करावा, एवढाच त्याचा आग्रह आहे, आणि तो रास्त आहे.

घड्याळाकडेही पाहावे. बराच काळ पडून राहिलेल्या संगणकातील बटणाएवढी बॅटरी संपते आणि तारीख कित्येक वर्षे मागे जाते. मोठ्या संस्थांत, जेथे सर्व खाती एका मध्यवर्ती यंत्रावर असतात, तेथे दोन घड्याळांत पाच मिनिटांहून अधिक अंतर पडले तरी सहसा प्रवेश मिळत नाही. ती बॅटरी किरकोळ किमतीची. तिच्यापायी आख्खा संगणक बदललेला मी पाहिला आहे.

आता मुख्य गोष्ट, भाषा. वाट आहे, आकडा बरोबर आहे, दार उघडे आहे, पासवर्ड खरा आहे, तरीही काम होत नाही. अशा वेळी पडद्यावर बहुधा एक लांबलचक इंग्रजी वाक्य येते आणि आपण ते न वाचता बंद करतो. मुलांनो, ते वाक्य वाचा. त्यात कारण स्पष्ट लिहिलेले असते: हा सर्व्हर एसएमबी १ ही कालबाह्य पद्धत मागतो आणि ती धोक्याची आहे.

फाइली मागण्या-देण्याची ही भाषा १९८० च्या दशकाच्या प्रारंभी आयबीएम कंपनीत तयार झाली. पुढे मायक्रोसॉफ्टने ती आपलीशी केली. विंडोज एक्सपी आणि सर्व्हर २००३ ह्यांना तिची पहिली आवृत्ती तेवढी येते. दुसरी आवृत्ती विंडोज व्हिस्टा आणि सर्व्हर २००८ बरोबर आली, तिसरी विंडोज ८ बरोबर. नवी यंत्रे नव्या आवृत्त्या बोलतात. म्हणजे तुमच्या कोपऱ्यातले यंत्र एक्सपीचे किंवा सर्व्हर २००३ चे असेल, तर नव्या लॅपटॉपला त्याचे बोलणे कळत नाही, किंवा कळत असूनही तो ऐकून घेत नाही.

तो का ऐकत नाही? येथे आपल्याला चाकणहून न्हावाशेव्याला जावे लागेल. आपल्याकडचा पुष्कळ निर्यातीचा माल तेथूनच बोटीवर चढतो. २०१७ साली एप्रिलमध्ये अमेरिकेच्या गुप्तहेर संस्थेने तयार केलेले एक हत्यार चोरांनी उघड केले. एसएमबीच्या ह्या पहिल्या आवृत्तीतील एका दोषातून, त्याच ४४५ क्रमांकाच्या दारातून, कोणाचाही पासवर्ड न विचारता आत शिरण्याचे ते साधन होते. मायक्रोसॉफ्टने त्याआधीच, मार्च महिन्यात, दोष दूर करणारी दुरुस्ती काढली होती; पण ती ज्यांनी घेतली नव्हती त्यांची यंत्रे उघडी पडली. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा हल्ला जगभर पसरला. फाइली कुलूपबंद करून तो खंडणी मागत असे. २७ जूनला 'नॉटपेट्या' आला. त्याचा उगम युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये होता. त्याने मर्स्क ह्या जहाज कंपनीची यंत्रे जगभर बंद पाडली, आणि त्यात न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील त्या समूहाचे गेटवे टर्मिनल्स हे कंटेनर टर्मिनलही ठप्प झाले. कंपनीने आपले नुकसान वीस ते तीस कोटी डॉलरच्या घरात सांगितले. युक्रेनमधल्या एका कार्यालयातील यंत्र आणि न्हावाशेव्याच्या फाटकाबाहेरची कंटेनरची गाडी ह्यांच्यात दुवा कशाचा, तर असल्याच जुन्या दारांचा. नॉटपेट्या दुरुस्ती घेतलेल्या यंत्रांतही शिरला, कारण एका यंत्रातून चोरलेले पासवर्ड तो दुसऱ्यावर वापरत असे. म्हणून सगळ्या यंत्रांना एकच पासवर्ड ठेवण्याची आपली जी सवय आहे तीही मोडावी.

ह्या प्रकारानंतर, २०१७ च्या शरद ऋतूत आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने ही जुनी भाषा काढून घेण्यास सुरुवात केली. घरगुती संगणकांत तिचा ऐकणारा भाग काही काळ ठेवला, पण अट अशी की संगणक चालू असताना एकंदर १५ दिवस तो वापरला गेला नाही तर आपोआप गळून पडावा. सुटीपूर्वी शाळेचा सर्व्हर उघडणारा शिक्षकाचा लॅपटॉप सुटीनंतर उघडेनासा होतो, त्याचे रहस्य हे. सुटीत तो घरी रोज चालू होता, पण सर्व्हरशी बोलला नाही. कोणी काही बिघडवलेले नसते. घरात मात्र त्या काळात लॅपटॉपला हात लावलेल्या प्रत्येक मुलाची चौकशी झालेली असते!

आता तो पाच मिनिटांचा कारागीर काय करतो ते सांगतो. तो विंडोजच्या यादीत जाऊन एसएमबी १ पुढे खूण करतो, यंत्र पुन्हा सुरू करतो, सर्व्हर उघडतो, मंडळी खूश. ह्याचा अर्थ असा की जुन्या यंत्राचे मोडके दार त्याने तुमच्या नव्या यंत्रालाही बसवले. त्या लॅपटॉपवर मुलीचा अभ्यास आहे, आईचे बँकेचे काम आहे, कारखान्याचे पाच वर्षांचे जीएसटीचे कागद आहेत. आपल्यासारख्या लहान उद्योजकाकडे मर्स्कसारखी सावरण्याची ताकद नसते. एका रात्रीत ड्रॉइंगे गेली तर मोठी कंपनी दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पुरवठादाराकडे जाईल, आणि त्या शेडवर अवलंबून असलेल्या आठदहा घरांच्या चुली अडतील.

मग करावे काय? मागे जावे लागले तर एकदाच जावे, आणि ते सामान बाहेर काढण्यासाठी. जुन्या यंत्राचे आणि एका संगणकाचे इंटरनेट तोडावे. त्या संगणकावर यादीत एसएमबी १ चा केवळ 'क्लायंट' हा भाग चालू करावा, 'सर्व्हर' हा नव्हे. सर्व फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात, उघडून पाहाव्यात, आणि खूण लगेच काढून टाकावी. नंतर फाइली नव्या ठिकाणी ठेवाव्यात. त्यासाठी फार खर्च नाही. सहासात वर्षांपूर्वीचा साधा संगणक, त्यावर फुकट मिळणारे लिनक्स आणि त्यातील 'सांबा' हे सॉफ्टवेअर एवढ्यावर शाळेचे किंवा शेडचे कपाट उभे राहते. सांबाची सुरुवात १९९० च्या दशकाच्या आरंभी ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल ह्या विद्यार्थ्याने केली. त्यालाही दोन निरनिराळ्या यंत्रांना बोलते करावयाचे होते.

काही ठिकाणी जुने यंत्र बदलता येत नाही हे मला मान्य आहे. लाखो रुपयांच्या मशीनला जोडलेला एक्सपी कोणी उपटून टाका म्हणणार नाही. त्याला निराळ्या राउटरवर, इंटरनेटपासून तोडून ठेवावे आणि फाइली मधल्या एका यंत्रामार्फत द्याव्यात. एक्सपीसाठी मायक्रोसॉफ्टने नियमित दुरुस्त्या देणे ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवले, सर्व्हर २००३ साठी जुलै २०१५ मध्ये, विंडोज ७ साठी जानेवारी २०२० मध्ये. विंडोज १० चीही मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. तेव्हा आज ज्याला आपण नवा म्हणतो तोही ह्या रांगेत आहे.

घरी बसून शाळेचा किंवा कारखान्याचा सर्व्हर उघडावयाचा असेल तर ४४५ चे दार राउटरमधून इंटरनेटवर उघडून देऊ नये. कोणी कितीही सोपे म्हणून सांगितले तरी नाही. त्यासाठी व्हीपीएन नावाची बंद वाट असते. तिच्यातही एक गंमत होते. घरच्या राउटरचे आकडे १९२.१६८.१ चे आणि शाळेच्याही राउटरचे तेच, कारण दोन्ही दुकानातून आले तसे लावलेले. मग व्हीपीएन जोडलेले दिसते, पण संगणक शाळेचा १० क्रमांक आपल्याच घरात शोधत बसतो. दोन गल्ल्यांत एकाच क्रमांकाची घरे असली की पोस्टमनचे जे होते तेच हे. एका बाजूचे आकडे बदलावेत.

एमएस-सीआयटी २००१ साली सुरू झाली आणि तिचे प्रमाणपत्र आज आपल्या वस्त्यांत घरोघर आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्या प्रमाणपत्राने टंकलेखन आणि तक्ते येतात. बंद पडलेले जाळे शोधून काढणे हे हाताने केल्याशिवाय येत नाही. चाकणच्या कारखान्यांना अशी माणसे लागतात. दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत 'कोपा' हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, मुलींनी तो जरूर पाहावा. पालकांना माझी एक विनंती अशी की, संगणक अडला की कारागिराला फोन करण्यापूर्वी मुलीला त्याच्यापुढे बसवा. आपल्याकडे यंत्र मुलाच्या नावाचे असते आणि बिघडले की त्यावर चादर पडते. त्या चादरीखाली मुलीचाच अभ्यास अडकतो.

तिच्याजवळ एक वही द्यावी. त्यात तारीख, काय अडले, आकडा कोणता दिसला, पडद्यावर कोणते वाक्य आले, कोणती एक गोष्ट बदलली आणि पुढे काय झाले, हे लिहावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तीन बदलल्या तर कशाने चालले ते कळत नाही.

ज्यांच्या शेडमध्ये किंवा दुकानात असा जुना सर्व्हर आहे, त्यांनी एका कागदावर तीन गोष्टी लिहून शाळेच्या कार्यालयात आणून द्याव्यात: त्यावर कोणते विंडोज आहे, तो किती साली घेतला, आणि त्यातील फाइलींची प्रत दुसरीकडे कोठे आहे का. तिसऱ्या ओळीत 'नाही' लिहावे लागले तर कागद सोमवारची वाट न पाहता आजच द्या. नववी-दहावीच्या मुलामुलींना घेऊन, आपल्या सोयीच्या एखाद्या गुरुवारी, बाहेरची डिस्क बरोबर घेऊन येऊ. वीज असली म्हणजे झाले.